कॉम्प्युटर म्हातारा झाला नाही, त्याले म्हातारा ठरवला



तूर सोंगून झाली. हरभरा घाट्यावर आहे. पऱ्हाटीची उलंगवाडी झाली, त्यामुळं थोडी सवड आहे. म्हणून आज वावराबाहेरचं लिहून राहिलो. विषय कॉम्प्युटरचा आहे. "आमाले काय करायचं त्याचं" म्हणून पुढं सरकू नका. त्यात जाणारा पैसा वावरातलाच आहे.

मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचा साधा भागधारक. संचालक नाही, कोणत्या पार्टीचाही नाही. पुढच्या आठवड्यात कंपनीची सभा आहे. विषयपत्रिकेवर पाच नंबरला असं छापलं आहे: "कार्यालयातील कालबाह्य संगणक बदलून पाच नवीन संगणक खरेदी करणे. दर नग रु. ४२,०००. एकूण रु. २,१०,०००."

आता आपल्या भाषेत हिशोब करू. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एक कॉम्प्युटर पाच क्विंटलच्या वर गेला. आमच्या खारपाणपट्ट्यात कोरडवाहूत एका एकरातून तेवढा कापूस निघाला तर आम्ही देवाले नारळ फोडतो. पाच कॉम्प्युटर म्हणजे सव्वीस क्विंटल कापूस. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ धरला तर एकोणचाळीस क्विंटल सोयाबीन. तेही सगळा माल हमीभावानं गेला असं धरून. किती जणांचा गेला, ते ज्यानं त्यानं आपापल्या पट्टीवर पाहावं.

एवढा माल ज्या शब्दापायी जाणार आहे तो शब्द "कालबाह्य". म्हणून मी हापिसात जाऊन त्या मशिनी खोलून पाहिल्या.

पाचही २०१४ च्या आहेत. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. झाकण काढलं तर आत धूळ आणि कापसाची फुकणी, पंखा पार चिकटलेला. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेल्यावर त्या मशीननं काय करावं? एकीचा तर बोर्डावरचा चपटा सेल संपला होता. तो सेल संपला की मशीन तारीख विसरते. तारीख चुकली की सरकारी संकेतस्थळं "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाहीत. त्या मशीनवर "बिघडलेला" अशी चिठ्ठी चिकटवली होती. सीआर २०३२ नंबरचा सेल घड्याळवाल्याकडं मिळतो. टाकला, तारीख नीट केली, मशीन चालू.

म्हणजे पाचांतली एकही मेलेली नाही. मग कालबाह्य काय झालं? तिची परवानगी झाली.

विंडोज १० चा आधार कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. म्हणजे सुरक्षेची नियमित दुरुस्ती बंद. घरगुती वापरासाठी वाढीव मुदत आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. नवं विंडोज ११ पाहिजे असंल तर मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर बहुतेक करून आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा पाहिजे. आपली चौथ्या पिढीची मशीन दारातच अडते. तिला टाइप करता येतं, सातबारा काढता येतो, महाडीबीटीचा फॉर्म भरता येतो. पण कंपनीच्या यादीत तिचं नाव नाही.

ट्रॅक्टरचं असं झालं असतं तर आपण ऐकून घेतलं असतं का? इंजिन चांगलं, वखर ओढते, नांगर ओढते, आणि डीलर म्हणते, "भाऊ, ह्या मॉडेलले आता आमचं डिझेल भेटत नाही, नवा घ्या." आपण त्याले चार शब्द सुनावून दुसऱ्या पंपावर गेलो असतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण मुकाट चेक फाडतो. काहून? दुसरा पंप आहे हेच आपल्याले कोणी सांगितलं नाही.

तो दुसरा पंप म्हणजे लिनक्स.

लिनक्स म्हटलं की लोकांले वाटते काहीतरी इंजिनिअर पोट्ट्यांचं खूळ. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये, आज भंगारातही कोणी उचलणार नाही अशा ३८६ कॉम्प्युटरवर, त्याचा गाभा लिहिला आणि सगळ्या जगाले खुला केला. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या बुडाशी तोच गाभा आहे. जगातले सगळ्यात ताकदीचे ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून झाडून लिनक्सवर चालतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेतला "अर्क" त्याच पंगतीतला. पेरणीच्या आधी ज्या पावसाच्या अंदाजाकडं आपण डोळे लावून बसतो, तो असल्या यंत्रांवर निघते. म्हणजे लिनक्स आपण रोजच वापरून राहिलो, फक्त टेबलावरच्या मशीनवर ते नको म्हणतो.

लिनक्सचे हलके प्रकार असतात. गाभा तोच, पण अंगावर दागिने कमी. जुन्या मशीनले तेच मानवतात. माझ्या अनुभवावरून सांगतो:

१. रॅम ४ जीबी किंवा जास्त असंल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. विंडोज ७ वापरलेल्या माणसाले दोन दिवसांत हात बसते. मिंटच्या २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेची दुरुस्ती मिळणार आहे.

२. रॅम २ जीबी असंल तर लुबंटू किंवा एमएक्स लिनक्स. कामं होतात, पण ब्राउझरमध्ये एका वेळी दोन-तीनच पानं उघडायची. खरी रॅम ब्राउझर खातो, लिनक्स नाही.

३. रॅम १ जीबी किंवा त्याखाली असंल तर अँटीएक्स. टायपिंग, हिशोबाची शीट, पीडीएफ पाहणं, एवढंच. त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

४. पेन्टियम ४ च्या काळातली ३२ बिटची मशीन असंल तर तिले सोडा. वीज खाते, आणि नवे ब्राउझर तिच्यासाठी बनणं बंद होत चाललं. म्हाताऱ्या बैलालाही एक दिवस दावणीले निवांत बांधावंच लागते. सगळंच जुनं चालवा असं माझं म्हणणं नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. रॅम वाढवता आली तर वाढवा. मशीनचा वेग जो बदलते तो निम्म्याच्या वर ह्याच्यानंच बदलते. हे मी लपवून ठेवत नाही, कारण नुसतं लिनक्स टाकलं आणि जादू झाली असं सांगणारेही फिरून राहिले.

मॅनेजर पोरगा हुशार आहे. त्याच्या परवानगीनं एका मशीनवर करून पाहिलं. आतली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, एसएसडी आणि जुनी ४ जीबी रॅम टाकली, मिंट बसवलं. आधी बटन दाबून माणूस चहा पिऊन येत होता. आता खुर्ची ओढून बसेपर्यंत पडदा तयार असते. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक एकदा सुरू करावा लागला. त्यानंतर भागधारकांची यादी लिबरऑफिसमध्ये उघडली, सातबारा निघाला, प्रिंटही निघाली.

माझी चूकही सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या घरच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा लिनक्स टाकलं तेव्हा घाईत "पूर्ण डिस्क पुसा" वर बोट ठेवलं. त्यात बाबांच्या काळातल्या मोजणीची क प्रत स्कॅन करून ठेवली होती. गेली. मूळ कागद कधीचाच वाळवीनं खाल्लेला. पुन्हा नकलेसाठी अर्ज, पुन्हा चकरा. दोष लिनक्सचा नाही, माझा. म्हणून पद्धत सांगतो ती ह्याच क्रमानं करा:

पहिले सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढा, आणि त्या दुसऱ्या मशीनवर उघडतात का ते पाहा. मग लिनक्सची फाइल, सुमारे तीन जीबीची, त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. रुफस किंवा व्हेंटॉयनं ती पेनड्राइव्हवर चढवा. मशीन सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, ज्या कंपनीचं जे बटन असंल ते दाबून पेनड्राइव्हवरून चालू करा. आता डिस्कले हात न लावता लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालते. तिथंच वायफाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर सगळं तपासा. बियाणं पेरायच्या आधी गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहतो ना, तसंच. सत्तरच्या वर उगवलं तर पेरा. इथं प्रिंटर चालला नाही तर थांबा.

आता सभेत जे बोलणं होईल ते मले आताच माहीत आहे. त्याची उत्तरं इथंच देतो.

"टॅलीचं काय?" खरा प्रश्न आहे. टॅली विंडोजसाठी बनते. लिनक्सवर आडवळणानं चालवणारे आहेत, पण कंपनीचा हिशोब असल्या जुगाडावर ठेवू नये. डिजिटल सहीचं टोकन आणि आधारच्या अंगठ्याचं यंत्र, हेही काही लिनक्सवर चालतात, काही नाही. एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो लिहून ठेवले असतील तर तेही जसेच्या तसे चालतील याचा भरोसा नाही. म्हणून माझं म्हणणं असं की एक नवा कॉम्प्युटर घ्या, विंडोजवालाच घ्या, आणि टॅली, सही, अंगठा हे सगळं त्याच्यावर ठेवा. चार जुन्या मशिनी लिनक्सवर न्या. चौघींचा एसएसडी आणि रॅमचा खर्च मी दुकानात विचारला, साडेदहा हजार होते. नव्या एकाचे ४२,०००. एकूण ५२,५००. वाचले १,५७,५००. म्हणजे एकोणीस क्विंटलच्या वर कापूस. तेवढ्यात कंपनीले माती परीक्षणाचे, बीजप्रक्रियेच्या ड्रमचे, गोदामाच्या ताडपत्रीचे, कशाचे पैसे कमी पडून राहिले ते संचालकांनी सांगावं.

"फुकटाचं आहे म्हणता, मंग त्याइले परवडते कसं?" आमच्या एका म्हाताऱ्या संचालकांनी हे विचारलं, आणि प्रश्न शहाण्या माणसाचा आहे. आजकाल फुकट देणारा काहीतरी घेऊनच जाते. इथली गोष्ट अशी की लिनक्सच्या गाभ्यावर इंटेल, गुगल, आयबीएमसारख्या कंपन्यांचे पगारी लोक काम करतात, कारण त्यांचे स्वतःचे धंदे त्यावर उभे आहेत. विहीर चौघांनी मिळून खोदली, पाणी गावाले मोकळं. मिंटसारखे प्रकल्प मोठ्या प्रमाणात देणग्यांवर चालतात. वापरलं आणि पटलं तर शंभर रुपये पाठवा. कोणी मागायले येत नाही.

"आपल्या पोरांले येणार नाही." केरळात २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. पुढं तिथल्या सरकारी शाळांचं संगणक शिक्षण खुल्या सॉफ्टवेअरवर गेलं. आज काइट नावाची सरकारी कंपनी शाळांसाठी स्वतःचं लिनक्स तयार करून देते. तिथल्या खेड्यातल्या पोरीले जे येते ते वऱ्हाडातल्या पोराले येणार नाही असं म्हणणाऱ्यानं आपल्या पोरांले कमी लेखलं. खरं सांगायचं तर तालुक्याच्या क्लासमध्ये आपल्याले कॉम्प्युटर शिकवलाच नाही, विंडोजची बटनं शिकवली. बटन बदललं की आपण घाबरतो.

"आमच्याकडं फुकटचं विंडोज टाकून देणारा पोरगा आहे." हां, हे सगळ्यात महत्त्वाचं. तीनशे रुपयांत क्रॅक मारून देणारे प्रत्येक तालुक्याले आहेत. मंडळी, हे चोरबीटी आहे. त्याचं बिल नाही, पाकिटावरचा नंबर खोटा, आणि उगवलं नाही तर तक्रार कोणाकडं करायची? पुन्हा क्रॅक मारायच्या सॉफ्टवेअरच्या पोटात काय भरलं आहे ते टाकणाऱ्या पोट्ट्यालेही माहीत नसते. त्याच मशीनवर आपण भागधारकांचे आधार नंबर आणि बँकेची खाती ठेवतो. एखाद्या दिवशी सगळ्या फाइलींले कुलूप लागलं आणि पडद्यावर पैशाची मागणी आली तर संचालक मंडळ कोणाले तोंड दाखवणार?

बियाण्याचीच गोष्ट निघाली तर पुढं बोलतो, कारण माझा खरा मुद्दा तोच आहे.

२००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा काय म्हणते? शेतकऱ्याले आपल्या वावरातलं बियाणं राखता येते, पेरता येते, शेजाऱ्याले देता येते, अदलाबदल करता येते, बिगर-ब्रँड विकताही येते. हा हक्क सहज नाही भेटला. लिनक्सचा परवाना, त्याले जीपीएल म्हणतात, सॉफ्टवेअरच्या बाबतीत हेच म्हणते: वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याले द्या. अट एकच, बदल करून वाटलं तर त्याले तोच हक्क द्या जो तुम्हाले भेटला. घरचं सोयाबीन तीन वर्षं राखलं तर उगवण तपासावी लागते. सॉफ्टवेअरचं तसं नाही, हजारावी प्रत पहिल्या प्रतीइतकीच ताजी असते. एका पेनड्राइव्हवरून गावातल्या पन्नास मशिनी पेरा, आणि त्यात चोरी नाही.

दुसऱ्या बाजूले संकरित वाणाचं आहे. दरवर्षी दुकानात जा, दरवर्षी पाकीट घ्या. कापसात आपण २००२ पासून हे पाहत आलो. मी बीटीच्या विरोधात लिहून राहिलो नाही, माझ्याही वावरात तीच असते. पण बियाण्यात आपली निवड गेली म्हणून आपण सभा घेतो, रस्त्यावर बसतो, आणि ज्या मशीनवर आपला सातबारा, पीकविमा, भागभांडवल सगळं आलं तिथं निवड आहे तरी ती करत नाही. ह्याचं मले वाईट वाटते.

आता दोन शब्द कृषी खात्याच्या आणि विद्यापीठाच्या मित्रांले, कारण तुम्हीही हे पान वाचता.

भारत सरकारनं २०१५ मध्ये धोरण काढलं की सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरले प्राधान्य द्या. सी-डॅकनं बॉस नावाचं भारतीय लिनक्स त्याच्याही आधी, २००७ च्या सुमाराले, काढून ठेवलं आहे. तरी हापिसाच्या मागच्या खोलीत निर्लेखित केलेल्या कॉम्प्युटरची चळत लागते, आणि तिकडं गावातल्या शाळेत तीस पोरांमागं एकच मशीन असते. निर्लेखन करायच्या आधी एक पेनड्राइव्ह लावून पाहायचा नियम तुम्ही तुमच्या पातळीवर का करू शकत नाही?

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या पोरापोरींनो, तुमच्या प्रबंधाच्या आरबीडीचं ॲनोव्हा काढायले चोरीचं महागडं पॅकेज लागत नाही. "आर" मोफत आहे, जगभरचे संशोधक वापरतात, आणि २०१४ च्या मशीनवर आरामात चालते. जमिनीचे, ओलिताचे नकाशे काढायले क्यूजीआयएस आहे. मोठ्या नकाशाले ८ जीबी रॅम पाहिजे, पण लहान काम ४ मध्येही होते. गावचे लोक तुमच्याकडं पाहून शिकतात. तुम्ही चोरबीटी लावली तर आम्ही कोणाकडून चांगलं बियाणं आणायचं?

सभेत मी हा विषय मांडणार आहे. ठराव असा: एकच नवीन संगणक घ्यावा, चार जुने दुरुस्त करून लिनक्सवर चालवावे, सहा महिन्यांनी मॅनेजरनं लेखी सांगावं की काय अडलं. अडलं तर मी स्वतः उभा राहून म्हणीन की माझं चुकलं, घ्या नवे. पण एकदाही पेनड्राइव्ह न लावता सव्वीस क्विंटल कापसाचा चेक फाडू नका. दुकानदार म्हणते म्हणून फवारा मारायची सवय आपल्याले कुठं घेऊन गेली ते आपण पाहिलं आहे.

तुमच्या गावात, सोसायटीत, शाळेत मशीन पडून असंल तर तिची रॅम किती, प्रोसेसर कोणता, एवढं लिहून पाठवा. कोणतं लिनक्स बसंल ते जमंल तसं सांगतो. अमरावती-अकोल्याच्या मधात कुठं असाल तर रविवारी पेनड्राइव्ह घेऊन येतो. चहा तुमचा.

आणि हो, पहिले फाइली बाहेर काढा. क प्रत सगळ्यात आधी.